रात्रीच्या कबड्डीसाठी फ्लॅश ट्रिगर: स्वस्तातला कुठे पुरतो, कुठे अडतो

समजा, दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात रात्रीचे कबड्डीचे सामने आहेत. मैदानाच्या चार कोपऱ्यांत बांबू, त्यांवर एलईडीचे फोकस, भोवती दोरीला टेकलेली गर्दी. मंडळानं फोटो काढायचं काम तुम्हाला दिलंय. चढाईपटू बोनस रेषा ओलांडून परत वळतो, डावीकडचा बचावपटू त्याच्या घोट्यावर झेप घेतो आणि तुम्ही बटण दाबता. स्क्रीनवर बघता तर काय, चेहरा हललेला, हाताच्या जागी पांढरा पट्टा आणि सगळ्या फोटोवर आयएसओची खरखर. ती चढाई ३० सेकंदांत संपली. ती पुन्हा होणार नाही.

मग तुम्ही इंटरनेटवर शोधता आणि उत्तर मिळतं: कॅमेऱ्यापासून वेगळा ठेवलेला फ्लॅश वापरा, त्यासाठी ट्रिगर घ्या. इथवर ठीक. पण ट्रिगर दीड-दोन हजारांपासून सुरू होतात आणि पुढे आकडा चढतच जातो. दुकानदार सांगतो, "स्पोर्ट्ससाठी एचएसएसवालाच घ्या." हा सल्ला दिवसाच्या काही फोटोंना लागू पडतो. रात्रीच्या कबड्डीला मात्र एचएसएसची गरजच नसते. हे एकदा समजलं की खरेदीतला बराचसा गोंधळ आपोआप मिटतो.

हालचाल गोठवतं कोण, शटर की फ्लॅश?

आपल्याला सवय आहे शटरच्या भाषेत विचार करायची. खेळ म्हटला की १/१००० किंवा त्याहून जलद. भर उन्हात हे बरोबर आहे, कारण शटर उघडं असेपर्यंत प्रकाश सतत आत येत असतो.

काळोखात फ्लॅश वापरला की हिशोब बदलतो. शटर उघडं असतं, पण आजूबाजूचा उजेड इतका कमी की त्यातून फारसं काही उमटत नाही. फोटो उमटतो तो फ्लॅश चमकतो तेवढ्या क्षणात. म्हणजे खरा शटर फ्लॅशच झाला. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक हॅरॉल्ड एजर्टन यांनी याच तत्त्वावर सफरचंदातून आरपार जाणाऱ्या बंदुकीच्या गोळीचा प्रसिद्ध फोटो घेतला. अंधार, उघडा शटर आणि अतिशय छोटा झगमगाट.

साध्या स्पीडलाइटचा झगमगाट किती वेळ टिकतो, ते त्याच्या पॉवरवर ठरतं. गोडॉक्सच्या टीटी६०० या मॅन्युअल फ्लॅशसाठी कंपनी १/३०० ते १/२०००० सेकंद असा पल्ला देते. पूर्ण पॉवरला तो सगळ्यात लांब असतो आणि पॉवर कमी करत जाल तसा आखूड होतो. म्हणून खेळ गोठवायचा असेल तर फ्लॅश पूर्ण ताकदीनं नाही, कमी ताकदीनं मारायचा.

आकड्यात बघू. चढाईपटूचा हात सेकंदाला ५ मीटर वेगानं जातोय असं धरा. १/२५० सेकंदात तो २ सेंटीमीटर सरकतो, फोटोत हे स्पष्ट दिसतं. झगमगाट १/४००० सेकंदाचा असेल तर तोच हात जेमतेम सव्वा मिलिमीटर सरकतो. डोळ्याला ते कळतही नाही. दोन्ही वेळा कॅमेऱ्याचा शटर १/२५० लाच आहे, हे लक्षात घ्या.

सिंक स्पीड म्हणजे काय

डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेऱ्याच्या शटरला दोन पडदे असतात. पहिला उघडतो, दुसरा मागून बंद करत येतो. एका ठरावीक वेगापर्यंत मध्ये एक क्षण असा येतो की सेन्सर पूर्ण उघडा असतो. फ्लॅश त्याच क्षणी चमकायला हवा. त्या कमाल वेगाला सिंक स्पीड म्हणतात. बहुतेक कॅमेऱ्यांत तो १/२०० किंवा १/२५० असतो.

याहून जलद गेलात की दुसरा पडदा पहिल्याच्या पाठोपाठ निघतो आणि सेन्सरवरून फक्त एक फट सरकत जाते. तेव्हा फ्लॅश मारला तर फोटोच्या एका बाजूला काळा पट्टा येतो.

हाय स्पीड सिंक, म्हणजे एचएसएस, यावरचा उपाय आहे. फ्लॅश एकदा चमकण्याऐवजी ती फट सरकेपर्यंत अतिशय जलद थरथरत राहतो, जणू सतत पेटलेला दिवा. काळा पट्टा जातो, पण दोन गोष्टी गमवाव्या लागतात. एक, प्रकाश बराच घटतो, साधारण दोन स्टॉप तर सुरुवातीलाच, आणि शटर वाढवाल तसा आणखी. दोन, आखूड झगमगाटाचा फायदा संपतो, हालचाल गोठवायचं काम परत शटरकडे जातं.

म्हणजे रात्री एचएसएस लावणं हे भरलेली बादली गळकी करून वापरण्यासारखं आहे.

मैदानाचा हिशोब

पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर. दोन फ्लॅश तुमच्या बाजूच्या अंतिम रेषेच्या दोन कोपऱ्यांबाहेर उभे केले, तर एका कोपऱ्यापासून मैदानाच्या मध्यापर्यंतचं अंतर आठ-साडेआठ मीटर भरतं.

आधी फ्लॅश न लावता एक फोटो घ्या. समजा, एफ/२.८, १/२५० आणि आयएसओ ६४०० ला मैदानाचा उजेड ठीक दिसतोय. आता आयएसओ १६०० करा (दोन स्टॉप कमी) आणि अ‍ॅपर्चर एफ/४ (आणखी एक). मैदानाचा उजेड तीन स्टॉप खाली गेला, फोटो जवळपास काळा. उरलेलं सगळं काम फ्लॅशचं.

हा अंधार मुद्दाम करायचा. मैदानाचे दिवे फोटोत जास्त उमटले तर फ्लॅशनं गोठवलेल्या चेहऱ्याच्या मागे दिव्यांत उमटलेली धूसर सावली दिसते. फोटोग्राफर तिला भूत म्हणतात. दुसरा फायदाही आहे. स्वस्त एलईडी फोकस आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, त्यामुळे एकामागोमाग घेतलेल्या फोटोंचा उजेड आणि रंग बदलत राहतो. फ्लॅशचा प्रकाश वरचढ असला की हा त्रासही जवळजवळ जातो.

आता पॉवर. साधारण मोठ्या स्पीडलाइटचा ५० मिमी झूमला गाइड नंबर ४० धरू (मीटरमध्ये, आयएसओ १०० ला). आयएसओ १६०० ला तो चौपट, म्हणजे १६०. पॉवर १/१६ केली की तो परत ४० वर येतो. गाइड नंबर भागिले अ‍ॅपर्चर, म्हणजे ४० भागिले ४, बरोबर १० मीटर. आपल्याला हवे होते आठ-साडेआठ.

साधा स्पीडलाइट, १/१६ पॉवर, झगमगाट आखूड, पुढच्या फोटोसाठी चार्ज जवळपास लगेच आणि सेलही रात्रभर टिकायची शक्यता चांगली. हे सगळं १/२५० किंवा १/२०० शटरवर. एचएसएस कुठेच लागला नाही.

किट लेन्स वापरत असाल आणि एफ/५.६ च्या खाली जाता येत नसेल तर पॉवर १/८ करा. स्टँड कोपऱ्याला अगदी चिकटून ठेवू नका, दोन-अडीच मीटर मागे न्या आणि तेव्हाही १/८ ची तयारी ठेवा. फ्लॅशजवळचा खेळाडू पांढराफटक आणि लांबचा काळा, हा दोष त्यानं कमी होतो.

मग एचएसएस कुठे लागतो?

हाच फोटोग्राफर यात्रेत दुपारच्या कुस्त्यांना जातो. तिथे ऊन आहे. एफ/४, आयएसओ १०० ला १/१६०० मिळतो. कुस्ती गोठवायला तेवढा पुरे, फ्लॅशची गरजच नाही.

फ्लॅश हवा तो सावलीत गेलेला चेहरा उजळायला. पैलवानाच्या पाठीवर ऊन आणि तोंडावर अंधार असेल, किंवा संध्याकाळच्या आभाळासमोर गदा घेतलेल्या विजेत्याचा फोटो हवा असेल, तर एचएसएस उपयोगी. तेही दोन-तीन मीटरवरून. आखाड्याच्या कडेवरून सात-आठ मीटरवर एका स्पीडलाइटनं उन्हाशी स्पर्धा करायची म्हटलं तर फ्लॅश हरतो. महागडा ट्रिगर घेऊनही हरतो, कारण ट्रिगर प्रकाश वाढवत नाही, फक्त निरोप पोचवतो.

बाजारातले तीन पर्याय

पहिला: साधा रेडिओ जोड. गोडॉक्सचा सीटी-१६ किंवा योंगनुओचा आरएफ-६०३ या जातीचे. एक कॅमेऱ्यावर, एकेक प्रत्येक फ्लॅशखाली. "आता चमक" एवढाच निरोप देतात. पॉवर बदलायची तर प्रत्येक फ्लॅशपाशी चालत जावं लागतं. घरात जुना कुठलाही मॅन्युअल फ्लॅश असेल तर सगळ्यात कमी खर्चाचा मार्ग हाच, साधारण दीड-दोन हजारांपासून.

दुसरा: अंगातच रिसीव्हर असलेला मॅन्युअल फ्लॅश आणि त्याच कंपनीचा ट्रान्समीटर. गोडॉक्स टीटी६०० सोबत एक्स२टी किंवा एक्सप्रो, अथवा योंगनुओ वायएन५६० फोर सोबत वायएन५६०-टीएक्स. वेगळे रिसीव्हर नाहीत, त्यांचे सेल नाहीत, सैल होणारे सांधे नाहीत. मुख्य म्हणजे कॅमेऱ्यापाशी बसूनच प्रत्येक फ्लॅशची पॉवर बदलता येते. ट्रान्समीटरला साधारण पाच-सहा हजार धरा आणि प्रत्येक फ्लॅशला जवळपास तेवढेच. गोडॉक्सच्या जोडीत एचएसएसही मिळतो, पण तो वरकड समजा.

तिसरा: टीटीएल फ्लॅश, उदाहरणार्थ टीटी६८५ किंवा लिथियम बॅटरीचा व्ही८६०. यात कॅमेरा स्वतः प्रकाश मोजून पॉवर ठरवतो. लग्नात, जिथे अंतर सतत बदलतं, तिथे हे मोलाचं. कबड्डीत फ्लॅश खांबावर स्थिर असतो आणि मैदानही हलत नाही. उलट टीटीएल फसतं. एका संघाची जर्सी पांढरी, दुसऱ्याची काळी असली की पॉवर फोटोगणिक वर-खाली होते. इथे मॅन्युअलच बरं.

कबड्डीसाठी बहुतेकांना दुसरा पर्याय घेण्यासारखा आहे. गर्दी तुडवत दर दहा मिनिटांनी दोन कोपऱ्यांना फेऱ्या मारायच्या की चढाया टिपायच्या, एवढाच प्रश्न आहे. बजेट अगदीच कमी असेल तर पहिला पर्यायही फोटोच्या तीक्ष्णपणात काडीचा कमी पडणार नाही.

कॅननवाल्यांनी हे आधी वाचा

कॅमेऱ्यावर फ्लॅश बसवायच्या खाचेला हॉट शू म्हणतात. तिच्या मधोमध एक मोठा संपर्कबिंदू असतो. सगळ्या कंपन्यांचे साधे ट्रिगर याच बिंदूवरून चालतात. पण कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या कॅमेऱ्यांत तो मधला बिंदूच नाही. नेमके हे कॅमेरे सुरुवात करणाऱ्यांच्या हातात भरपूर दिसतात.

परिणाम असा की पहिल्या पर्यायातला साधा जोड यांच्यावर बसतो, दिवा लागतो, पण फ्लॅश उडत नाही. ट्रिगर खराब नसतो, निरोप द्यायची वाटच बंद असते. या कॅमेऱ्यांसाठी कॅननची स्वतःची भाषा बोलणारा ट्रान्समीटर लागतो आणि त्याच्या चालणाऱ्या कॅमेऱ्यांच्या यादीत तुमचं मॉडेल आहे ना, हे खात्रीनं बघायला लागतं. गरज पडली तर ट्रान्समीटरचं फर्मवेअर अपडेट करावं लागेल. आपला कॅमेरा दुकानात नेऊन, लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

निकॉन, सोनी, फुजी यांच्यासाठीही एकाच ट्रान्समीटरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असतात. निकॉनवाला सोनीवर टाकून भागणार नाही. मित्राचा जुना ट्रिगर घेताना हे तपासा.

गर्दीत निरोप का हरवतो

सध्याचे बरेचसे ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच. शिवाय या लहरी माणसाच्या अंगातून नीट जात नाहीत, शरीरातलं पाणी त्या शोषतं. खोक्यावर १०० मीटर लिहिलेलं असतं ते मोकळ्या मैदानावरचं. तुम्ही रेषेपाशी मांडी घालून बसलेले आणि मध्ये पाचशे माणसं उभी, हे त्यात धरलेलं नसतं.

उपाय खर्चाचे नाहीत. फ्लॅश डोक्यांच्या वर न्या, म्हणजे निरोपाची वाट मोकळी होते. चॅनल बदलून बघा. काही ट्रान्समीटरमध्ये कमी गर्दीचा चॅनल शोधून द्यायची सोय असते. फ्लॅश अगदी जवळ असताना उडत नसेल तर मेनूत ०-३० मीटरचा पर्याय आहे का पाहा.

चॅनलसोबत आयडीही बदला. नव्या ट्रिगरवर सगळ्यांचाच चॅनल १ असतो. मैदानावर दुसरा फोटोग्राफर त्याच कंपनीचा ट्रिगर घेऊन आला तर त्याच्या प्रत्येक फोटोला तुमचे फ्लॅश उडतील आणि तुमच्या क्षणाला ते चार्ज होत असतील. अमेरिकेत बास्केटबॉलच्या बंदिस्त मैदानांत फोटोग्राफर छताजवळ मोठे फ्लॅश बांधून रेडिओनं उडवतात. तिथेही कोणाचा चॅनल कोणता हे आधी ठरवून घ्यावं लागतं. आपल्याकडे त्यासाठी सामन्याआधीचा एक चहा पुरतो.

फ्लॅशमधल्या ऑप्टिकल स्लेव्हवर, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशचा उजेड बघून उडण्याच्या सोयीवर, विसंबू नका. तो कोणाच्याही फ्लॅशनं उडतो, आणि उन्हात बरेचदा उडतच नाही.

खेळाडूचे डोळे आधी

स्वस्त-महाग याच्याही आधीची ही गोष्ट. फ्लॅशनं चढाईपटू क्षणभर दिपला आणि त्याच क्षणी पकड बसली, तर तुमच्या फोटोनं सामन्याचा निकाल बदलला. मोठ्या अधिकृत स्पर्धांत फ्लॅशला मनाई असू शकते. गावच्या सामन्यांतही आयोजक, पंच आणि दोन्ही कर्णधार यांना आधी विचारा आणि खेळाडू अंग गरम करत असताना दोन-चार फ्लॅश मारून दाखवा. कोणी नको म्हटलं तर बंद. मग आयएसओ वाढवून दिव्यांतच काम करायचं.

परवानगी मिळाली तर फ्लॅश तीनेक मीटर उंच आणि कोपऱ्यातून तिरका ठेवा, समोरासमोर डोळ्यांत नको. स्टँडच्या पायात वजन हवंच. सँडबॅग विकत घ्यायची गरज नाही, खताच्या रिकाम्या गोणीत माती भरून बांधली की झालं. द्राक्षाच्या तालुक्यात बांबू, तार आणि सुतळीला तोटा नाही. मंडळाच्या दिव्यांच्या बांबूलाच फ्लॅश बांधायचा असेल तर विजेच्या वायरपासून लांब बांधा, आणि आधी वायरमनला विचारा.

दुकानातच करायच्या चार चाचण्या

१. पांढऱ्या भिंतीवर १/१६०, १/२०० आणि १/२५० ला फोटो घ्या. स्वस्त ट्रिगर निरोप पोचवायला किंचित उशीर करतो, त्यामुळे कॅमेऱ्याचा सिंक स्पीड १/२०० असला तरी कडेला काळी पट्टी दिसू शकते. १/१६० ला ती गेली तर तो ट्रिगर रात्रीच्या कामाला चालेल.

२. १/१६ पॉवरला पन्नास फोटो घ्या, अधूनमधून तीन-तीनचे झोत. किती वेळा फ्लॅश उडला नाही ते मोजा. पन्नासात एखादा चुकला तर चॅनल बदलून पुन्हा करा. तरीही चुकला तर तो नग नको.

३. फ्लॅश दुकानात ठेवून रस्त्यापलीकडे जा. मध्ये माणसं आणि गाड्या असू द्या. हीच खरी गर्दीची परीक्षा.

४. दहा मिनिटं काही न करता थांबा आणि मग बटण दाबा. काही ट्रिगर आणि फ्लॅश झोपी जातात आणि पहिला फोटो गिळतात. मेनूत झोपेची वेळ वाढवता येते का, ते बघून घ्या.

पैसे कोणत्या क्रमानं घालायचे

आधी एक भरवशाचा ट्रान्समीटर आणि एक अंगभूत रिसीव्हरचा मॅन्युअल फ्लॅश. मग रिचार्जेबल एए सेलचे दोन संच, कारण मैदानावरचा वीजपुरवठा जनरेटरचा असला तरी तुमचे सेल तुमचेच असतात. त्यानंतर दुसरा फ्लॅश. एचएसएस आणि टीटीएलसाठी जास्तीचे पैसे शेवटी, तेही लग्नाची किंवा दिवसाची कामं मिळू लागली तर.

आणि पहिल्या रात्री एकच कोपरा निवडा. निदान रेषेच्या आसपास फोकस धरा, पॉवर १/१६, शटर १/२००, एका चढाईला दोन-तीनच फोटो. ती झेप पुन्हा होणार नाही हे खरंच आहे, पण पुढची चढाई ३० सेकंदांच्या आत संपणार असते. तेवढ्यात फ्लॅश चार्ज झालेला असला म्हणजे झालं.